मृगाआधीची बाग : उन्हाळ्यात काय सांभाळायचं, काय लावायचं आणि कुठे थांबायचं

मे महिन्यात शाळांना सुट्टी लागते, हाताशी वेळ असतो आणि नर्सरीच्या दारात कलमी गुलाब फुलांनी लगडलेले दिसतात. माझ्या बागेची सुरुवात अशाच एका गुलाबाने झाली. घरी आणला त्याच संध्याकाळी मोठ्या कुंडीत लावला, वर दोन मुठी खत घातलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी द्यायला लागले. पंधरा दिवसांच्या आत तो वाळला. उपटून पाहिला तर कुंडीतली माझी माती ओलीचिंब होती आणि पिशवीतून आलेला लाल मातीचा गोळा आतून विटेसारखा कोरडा. पाणी गोळ्याच्या कडेने खाली जात होतं, मुळांपर्यंत पोचतच नव्हतं.

तेव्हापासून नवीन माणसाला मी आधी हेच सांगते की वैशाख-ज्येष्ठ हे बागेत प्रामुख्याने सांभाळण्याचे आणि तयारीचे दिवस आहेत. लावणीची मोजकीच कामं या दिवसांत होतात, ती पुढे सांगतेच. रोप आणायचं असेल तर मृग लागेपर्यंत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत थांबा. मोह आवरलाच नाही, तर रोप पिशवीसकट बादलीभर पाण्यात बुडवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तसंच ठेवा, आठवडाभर सावलीत राहू द्या आणि मग एखाद्या संध्याकाळी लावा. खत महिनाभर नको.

पहिलं काम : आपला उन्हाळा ओळखा

माझं माहेर राजापूरकडे, मी पुण्यात आणि धाकटी बहीण नागपुरात. मे महिन्यात आम्ही तिघी फोनवर बागेबद्दल बोलतो तेव्हा जणू तीन वेगळ्या ऋतूंबद्दल बोलत असतो.

कोकणात आणि गोव्यात पारा ३३-३५ अंशांच्या पुढे फारसा चढत नाही, पण हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही. झाडांचंही तसंच होतं. पानांतून पाणी कमी उडतं, झाड सहसा होरपळत नाही, पण बुरशीला मात्र ही हवा मानवते. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि दुपारी झळा वाहतात. तिथे सकाळी भरपूर पाणी दिलेलं झाडही दुपारी मान टाकतं, कारण पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या ओढीपेक्षा जास्त असतो. पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात दुपार कडक, पण रात्र जरा सुसह्य. अधूनमधून वळवाचा पाऊस येतो, कधी गारा घेऊन येतो. मराठवाडा आणि सोलापूरकडचा उन्हाळा विदर्भाच्या जवळचा, पाणी त्याहून कमी. महाबळेश्वरसारख्या उंचावर राहत असाल तर खालच्यापैकी निम्म्या सूचना तुम्हाला लागूच पडत नाहीत.

म्हणून कुणी ‘उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी घाला’ असं सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या गावातला उन्हाळा?

ऊन कुठून येतं ते बघा

याकडे नवखेच काय, जुनी माणसंही लक्ष देत नाहीत. मे महिन्यात एके दिवशी भरदुपारी आपली सावली पायाखाली नाहीशी होते. रत्नागिरीकडे हा शून्य सावलीचा दिवस ८ मेच्या आसपास येतो, पुण्यात १४ मेच्या, मुंबईत एक-दोन दिवस नंतर आणि नागपुरात २६ मेच्या सुमाराला. त्यानंतर जुलैपर्यंत सूर्य भरदुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो.

याचा गॅलरीतल्या कुंड्यांवर थेट परिणाम होतो. हिवाळ्यात दिवसभर ऊन खाणारी दक्षिणेची गॅलरी मे-जूनमध्ये जवळपास सावलीत जाते, कारण वरच्या मजल्याची स्लॅब डोक्यावरचं ऊन अडवते. हिवाळ्यात अंधारी वाटणाऱ्या उत्तरेच्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. दक्षिणेच्या गॅलरीतला मोगरा अचानक फुलेनासा झाला तर त्याला खत कमी पडलंय असं समजू नका, त्याला ऊन कमी पडलंय. आणि पश्चिमेची भिंत सर्वांत वाईट. ती दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता कुंड्यांना देत राहते. तिथल्या कुंड्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा. आठवडाभर सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी चार वाजता कुठे ऊन आहे ते बघून ठेवा आणि मगच कुंड्यांच्या जागा ठरवा.

पाणी : घड्याळ नको, वाफसा बघा

आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी दिल्यावर जमिनीतलं जास्तीचं पाणी निथळून जातं आणि मातीत ओल आणि हवा दोन्ही असतात, ती अवस्था म्हणजे वाफसा. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. सतत चिखलात राहिलेलं मूळ गुदमरतं, कुजतं, आणि गंमत अशी की कुजलेल्या मुळाचं झाड वरून तहानलेल्या झाडासारखंच दिसतं. पानं लोंबतात, आपण घाबरून आणखी पाणी घालतो आणि झाड जातं.

वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. कुंडीतली दोन इंच खालची मूठभर माती काढा आणि मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटांमधून पाणी आलं, तर आज पाणी नको. लाडू वळला आणि अंगठ्याने टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आहे, उद्या बघू. लाडू वळलाच नाही, तर आत्ता पाणी द्या. पंधरा दिवस हे रोज केलंत की नंतर नुसती कुंडी एका बाजूने उचलून वजनावरून कळायला लागतं.

द्यायचं तेव्हा पोटभर द्या. कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला. दहा मिनिटं थांबून पुन्हा थोडं घाला, म्हणजे कडेने पळालेलं पाणी दुसऱ्या खेपेला आत मुरतं. रोज शिंतोडे दिले तर मुळं वरच्या दोन इंचांतच राहतात आणि नेमका तोच थर दुपारी सर्वांत आधी तापतो. वेळ पहाटेची किंवा सकाळी आठच्या आतली. नागपूरसारख्या कोरड्या हवेत लहान कुंड्यांना संध्याकाळी पुन्हा लागेल. कोकणात संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका, रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आमंत्रण देतात.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळीतलं पहिलं पाणी दुपारी चटका बसेल इतकं गरम असतं. ते आधी बादलीत काढून घ्या. आणि विदर्भात कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालतात, ते घालू नका. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे आठवडाभर फिरलेलं ते पाणी बरंच खारं झालेलं असतं. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

जमिनीत झाडं असतील किंवा चार दिवस गावाला जायचं असेल, तर मडकं पुरा. मातीचं, भाजलेलं, रंग किंवा लुकण न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत वाफ्यात पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर पणती किंवा करवंटी झाकायची, नाहीतर डास होतात. मातीला तहान लागेल तसं पाणी झिरपत राहतं. माझ्याकडे दोडक्याचे दोन वेल अशाच एका मडक्याच्या दोन बाजूंना आहेत आणि तीन-चार दिवसांनी मडकं भरलं की काम भागतं. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी थेट खोल निघून जातं, म्हणून आधी वरची माती खुरप्याने हलवून भेगा बुजवा आणि नंतर पाणी द्या.

सावली आणि पांघरूण

हिरवी शेडनेट ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी घ्या. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली भाजीपाला लांबुडका आणि नुसता पानांचा होतो. जाळी झाडांच्या डोक्यावर निदान दोन-तीन फूट उंच हवी, बाजूने वारा खेळायला हवा. जुनी सुती साडी किंवा धोतरही चालतं, प्लॅस्टिकचा कागद मात्र अजिबात नको, त्याखाली झाडं उकडतात. माहेरी नवीन लावलेल्या आंब्याच्या कलमांना दक्षिण-पश्चिमेच्या बाजूने नारळाच्या झावळ्या रोवतात. पहिली दोन-तीन वर्षं एवढी सावली कलमाला पुरते.

पांघरूण म्हणजे आच्छादन. वाळलेला पाला, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, जे जवळ मिळेल ते मातीवर दोन-तीन इंच पसरा. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा. देशावर आणि विदर्भात आच्छादनाखाली वाळवी लागते का, ते आठवड्यातून एकदा उचलून बघा. गच्चीवरच्या कुंड्या तापलेल्या स्लॅबवर थेट ठेवू नका, खाली दोन विटा द्या. लहान कुंड्या मोठ्यांच्या मधे दाटीने ठेवल्या की एकमेकींना सावली देतात. काळी प्लॅस्टिकची कुंडी असेल तर बाहेरून चुना फासा किंवा गोणपाट गुंडाळा.

या दिवसांत कुंडी बदलू नका, गुलाब-जास्वंदीची जोरदार छाटणी करू नका, रासायनिक खत देऊ नका. मोगरा याला थोडा अपवाद आहे, तो याच दिवसांत फुलतो. बहर ओसरला की फुलून गेलेली शेंडे तेवढी खुडा म्हणजे नवी फूट येते.

टोमॅटोची फुलं गळतात म्हणून खूप जण चिंतेत असतात. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही गरम राहिलं की टोमॅटोत फळधारणाच नीट होत नाही. औषध मारून उपयोग नाही. झाड जगवा आणि हवा थंडावण्याची वाट बघा.

उन्हाचा फायदा करून घ्या

मागच्या वर्षी ज्या कुंड्यांत किंवा वाफ्यात रोपं कोलमडून मेली, त्या मातीची दुरुस्ती करायला मेइतका चांगला महिना नाही. वाफा सपाट करा, चांगला भिजवा, वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून घाला आणि चारी कडा मातीने दाबून टाका. काळं प्लॅस्टिक नको, ऊन आरपार जायला हवं. चार ते सहा आठवड्यांत आतल्या वाफेने तणांचं बी आणि रोगट बुरशी बरीच मरते. कुंड्यांची माती असेल तर ओली करून पारदर्शक पिशवीत भरा, तोंड बांधा आणि गच्चीवर ठेवून द्या. नंतर या मातीत शेणखत आणि थोडा ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळा, कारण उन्हात चांगले जीवजंतूही मरतात.

झाडांसाठी खड्डे आत्ताच खणा. आंब्याला तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. लिंबू, पेरू, शेवग्याला दोन-दोन फूट पुरतो. खड्डा पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्या. भरताना वरच्या थरातली चांगली माती आणि कुजलेलं शेणखत घाला. कोकणच्या जांभ्यात खणणं जिवावर येतं, पण तिथे खड्डा लहान ठेवला तर झाड वर्षानुवर्षं कुंडीत असल्यासारखं खुजं राहतं.

आता लावायचं काय

हळद आणि आलं. अक्षय्य तृतीयेपासून मेअखेरपर्यंत हे लावता येतं आणि नवख्या माणसाने पहिलं यश मिळवावं ते हळदीतच. गेल्या वर्षीचं जुनं, टणक, डोळे फुगलेलं कंद घ्या, तीस-चाळीस ग्रॅमचा एक तुकडा पुरे. फुगलेला डोळा हिरवट-पांढऱ्या टोकासारखा दिसतो, कोंबडीच्या पिल्लाच्या चोचीएवढा. तो वरच्या बाजूला ठेवून दीड-दोन इंच खोल लावा. पंधरा-अठरा इंचांची पिशवी, भुसभुशीत माती, वर पाल्याचं पांघरूण आणि अर्धी सावली. सुरुवातीला पाणी अगदी बेताने. तीन-चार आठवडे वर काही दिसत नाही, उकरून बघू नका. आठ-नऊ महिन्यांनी पानं वाळली की काढायची. सुरण आणि अळूचे कंदही याच दिवसांत लावतात.

पालेभाज्यांत तांदुळजा, माठ, चवळई ही मंडळी उन्हाला घाबरत नाहीत. कोथिंबीर हवीच असेल तर धणे चपलेने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि जाळीखाली पेरा. उगवण हिवाळ्याएवढी होणार नाही, हे धरून चाला.

भेंडी, गवार, चवळी कोरड्या भागात पाण्याची सोय असेल तर मेमध्येही येतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवून अर्धा-पाऊण इंच खोल टोका, बारा इंची कुंडीत दोन रोपं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘परभणी क्रांती’ ही भेंडी पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला बऱ्यापैकी तोंड देते. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं मेच्या शेवटी जाळीखाली ट्रेमध्ये टाकली की मृगाच्या पावसात लावायला तयार होतात.

वेल हे कोकणाचं खरं वैभव. पडवळ, शिराळी, कारली, काकडी, भोपळा. रोहिणी नक्षत्र २५ मेला लागतं आणि तेव्हापासून माहेरी आळी करायला घेतात. जमीन उताराची असेल तर आळं मातीच्या उंचवट्यावर करायचं, खड्ड्यात नाही. तिथे पुढचे चार महिने अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळणार असतो. सोलापूर-मराठवाड्याकडे नेमकं उलट, आळं खोलगट हवं, पडेल तो थेंब आत राहिला पाहिजे. मांडव आधी घाला, बी नंतर टोका. वेल दोन हात वाढल्यावर मांडव घालायला गेलं की मुळं दुखावतात. दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण तारा’ कारली आणि ‘शीतल’ काकडी हे तिथल्या पावसात टिकणारे वाण आहेत.

किडीकडे लक्ष

कोरड्या उन्हात पानं धुळकट, फिकट ठिपक्यांची दिसू लागली तर पान उलटून बघा. बारीक जाळं आणि हलणारे लाल ठिपके दिसले तर तो लाल कोळी. त्याला ओलावा आवडत नाही, म्हणून तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. त्याला एक लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि चार थेंब भांड्यांचा द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारा. भर उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात.

पहिला पाऊस पडला की

एका सरीने फसू नका. खरिपाच्या पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा असं कृषी खातं सांगतं, तोच नियम जमिनीत लावायच्या झाडांनाही धरा. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास पोचतो, नागपुरात जूनच्या मध्यावर, आणि मधे आठ-दहा दिवस दडी मारणं हे नेहमीचंच. हातभर खोल माती ओली आहे का, ते खुरप्याने खणून बघा.

इथून पुढे मुलखागणिक कामं पुन्हा वेगळी होतात. कोकणात खोडाजवळचं आच्छादन मागे सारा, कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका, तळाची भोकं काडीने मोकळी करा. आंबा-काजूच्या खोडांना पाऊस जोर धरण्याआधी बोर्डोपेस्ट, म्हणजे बुरशीपासून वाचवणारा लेप लावा. एक लिटर पाण्याला मोरचूद आणि कळीचा चुना प्रत्येकी १०० ग्रॅम. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत कालवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही. गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री वाफ्याशेजारी पसरा, पहाटे त्याखाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाका. विदर्भ-मराठवाड्यात मात्र आच्छादन तसंच राहू द्या, पावसाच्या खंडात तेच झाड वाचवतं.

ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचा किडा चालताना दिसेल. त्याला मारू नका, तो झाड खात नाही.

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहून गॅलरीत मेथी-कोथिंबीर लावणाऱ्यांसाठी थोडंसं. तिथला भर उन्हाळा २१ जूनच्या आसपासचा आणि लंडनला तेव्हा दिवस सोळा तासांहून मोठा असतो. एवढ्या लांब दिवसांत कोथिंबीर झटकन फुलावर जाते, म्हणून दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी अर्ध्या सावलीत पेरा. भेंडी माती चांगली उबदार झाल्यावरच टोका. अळू कुंडीतच ठेवा, थंडीआधी आत घेता येतं. मेलबर्नकडे ऋतू उलटे. तिथे डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडा गरम वारा येतो तेव्हा वर नागपूरसाठी सांगितलेलं सगळं लागू पडतं.

आता रोप लावण्याचं काम. संध्याकाळची किंवा ढगाळ वेळ निवडा. पिशवी ब्लेडने उभी चिरा, रोप खेचून काढू नका. तळाशी मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर ती बोटांनी हलकेच सोडवा, फारच घट्ट असतील तर खालचा अर्धा इंच कापून टाका. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं राहू द्या. माती भरून पायाने नाही, तळहाताने दाबा, म्हणजे आत पोकळी राहत नाही आणि मुळंही चेपत नाहीत. वाऱ्याच्या बाजूला काठी रोवा आणि सुतळी आठच्या आकड्यासारखी फिरवून सैल बांधा. आणि पाऊस पडत असला तरी लावल्या लावल्या एक बादली पाणी घाला, गोळ्याच्या अगदी मधोमध.